झुंबरबाईचं पाणी

९ जानेवारी १९७३, अहमदनगर

मार्गदर्शक आढाव सरांनी आज बजावलं, दोन प्रकारचं लिखाण ठेवायचं. एक त्यांच्यासाठी, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं, आपली अक्कल न घालता. दुसरं स्वतःसाठी, जे कोणालाच दाखवायचं नाही. "अक्कल काय ती सगळी तिथं पाजळा," म्हणाले. तर ही ती जागा.

धर्मशिक्षणाची पदवी झाली. आता ही वरची पदवी, मानसोपचार आणि पाळकीय सेवा दोन्ही एका जुवाला. वर्गात बाई मी एकटी. सहा महिने इथल्या मिशनच्या दवाखान्यात काम, मग प्रबंध, मग पुढचं कोणी बोलत नाही. बायकांना पाळकाची दीक्षा देत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पपांना विचारलं की ते म्हणतात, "तू शीक तर आधी." पपा राहात्याच्या मंडळीचे पाळक. सरांचा पहिला नियम ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. नियम असा की पेशंटने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, वचन सांगायचं नाही, उपदेश तर मुळीच नाही. नुसतं ऐकायचं. पपा म्हणाले, "पाळकानं प्रार्थना करायची नाही, तर मग खाटेशी बसून माश्या मारायच्या का?"

नर्सेसच्या क्वार्टरमध्ये खोली मिळाली आहे. खिडकीतून कडुनिंब दिसतो. पहाटे धुकं असतं तेव्हा तो झाड वाटत नाही, कोणीतरी शाल पांघरून उभं आहे असं वाटतं. मी बराच वेळ बघत बसते आणि मग उशीर होतो. पपा म्हणतात, तुझं नाव मार्था ठेवण्यात चूक झाली, बायबलातली मार्था कामसू होती.

१६ जानेवारी

बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, व्हरांड्याकडच्या चार खाटा मनाच्या दुखण्यांसाठी आहेत. आज तिथं एक नवीन बाई आली. झुंबरबाई, तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. पस्तिशीची असेल. नवरा सूर्यभान उभा होता, टोपी हातात, बोलताना माझ्याकडे न बघता खाटेच्या पायाकडे बघत.

"कानात पानी वाजतंय म्हनती. दिवाळीपासून. झोपत न्हाई, जेवत न्हाई धड. गोठ्यात न्हाईतर चुलीम्होरं बसून ऐकत ऱ्हाती."

मुलं किती विचारलं. "एक पोरगा हाय, नववीला," सूर्यभानच म्हणाला. झुंबरबाईने मान खिडकीकडे वळवली. मी लिहून घेतलं.

डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले आहेत. गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, "ही तुमची." फरशी पुसणारी सरवरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या बाईच्या कानात पानी, आन् आमच्या नळाला न्हाई. कुनाला काय द्यावं ते द्येवाला कळंना झालंय." खरं आहे. दिवसाआड नळ येतो, तोही करंगळीएवढा. पाऊस गेल्या साली आलाच नाही. खेड्यांतून बाया-माणसं खडी फोडायच्या कामावर आहेत.

२२ जानेवारी

ती बोलायला लागली. मी काही विचारलं नव्हतं, नुसती बसले होते. खरं सांगायचं तर ऊन कोवळं होतं आणि मला डुलकी येत होती.

"आत्ता बारीक झालंय," ती म्हणाली. "सकाळच्याला मोठं हुतं."

"काय?"

"पानी."

मग तिने सांगितलं. सकाळी ते भरलेलं असतं, काठोकाठ, आणि फारसा आवाज करत नाही, नुसतं कडेला लागतं आणि मागे येतं. दुपारी कोणीतरी घागर बुडवल्यासारखं गुडुप होतं. तिन्हीसांजेला मात्र सगळीकडून झरे फुटतात आणि मग तिला बरं वाटतं. बोलताना तिचा चेहरा असा निवळला की मी टिपणं करायची विसरले. मी आयुष्यात शेकडो प्रवचनं ऐकली, पण कोणी पाण्याविषयी इतकं सुरेख बोललेलं ऐकलं नाही.

सरांच्या शिकवणीप्रमाणे मी तिचं बोलणं तिलाच परत दिलं. "म्हणजे संध्याकाळी तुम्हाला बरं वाटतं."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय. तेच तर म्हनले मी."

३० जानेवारी

रोज दुपारी मी तिच्याजवळ असते. बाकीच्या तिघी पेशंट राहून जातात हे मला कळतं. पण तिच्या खाटेशी बसलं की वॉर्डातल्या बादल्यांचे आवाज, फिनेलचा वास, सगळं लांब जातं. ती डोळे मिटते आणि सांगते, मी डोळे मिटते आणि ऐकते. आज तर मलाही क्षणभर काहीतरी ऐकू आलं असं वाटलं. बहुधा सरवरी बादली ओतत असावी.

रात्री स्वप्न पडलं. आमच्या राहात्याच्या चर्चमध्ये गुडघाभर पाणी आहे आणि सगळी मंडळी बाकांवर बसून पाय हलवत आहेत. पपा व्यासपीठावरून म्हणतात, आज उपदेश नाही, आज पोहा. जाग आली तेव्हा मी हसत होते.

६ फेब्रुवारी

सर आले होते. मी लिहून ठेवलेलं सगळं वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"मार्थाबाई, तुम्ही पेशंट बघायला जाता की पाणी भरायला?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"पाण्याविषयी दहा पानं आहेत. बाईविषयी अर्धं पान नाही. घरात कोण, माहेर कुठलं, दिवाळीला काय झालं? काही तरी झालं असेल की दिवाळीला."

मी म्हटलं, ती स्वतः सांगेल तेव्हा ऐकायचं, तुम्हीच सांगितलंत. ते म्हणाले, "ऐकायचं म्हणजे आपल्याला गोड लागेल तेवढंच ऐकायचं, असं मी कधी म्हणालो?"

मला राग आला. अजून थोडा आहे. सरांना सगळं सहा रकान्यांत बसवलेलं हवं असतं. एका अडाणी बाईला या कोरड्या सालात पाण्याचं देणं मिळालं आहे, याचा काही अर्थ असू शकतो की नाही?

११ फेब्रुवारी, रविवार

आज नियम मोडला.

चर्च सुटल्यावर तशीच तिच्याकडे गेले. तिथं शोमरोनी बाईची गोष्ट वाचली होती, भर दुपारी विहिरीवर आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा तो थकलेला प्रवासी, आणि कधीच न आटणारं पाणी. ऐकताना मला झुंबरबाईच दिसत होती. इतकं उघड आहे हे. तिची तहान पाण्याची नाही, आणि ती ऐकते तेही विहिरीतलं नाही. मला वाटलं, ही गोष्ट तिच्यासाठीच आहे आणि मी ती सांगितली नाही तर मी कसली सेविका.

मी सांगितली. शास्त्रातल्या भाषेत नाही, आपली साधी. तिने फार लक्ष देऊन ऐकली. मग विचारलं, "त्या हिरीला किती पुरुस पानी हुतं?"

मी म्हटलं, विहीर खोल होती असं लिहिलंय.

"तळ दिसत नव्हता ना?"

"नसेल दिसत."

"मग बरं." पुढे म्हणाली, "आन् ती बाई घागर तिथंच ठिवून गावात पळाली?"

"हो, आनंदाने. लोकांना सांगायला."

"हिरीवर लेकरं हुती का कुनाची? ती गेल्यावर कोन बघत हुतं?"

मी थक्क झाले. इतक्या शतकांत एवढे पंडित होऊन गेले, हा प्रश्न कोणी विचारला असेल का? प्रबंधात हे घ्यायचंच. मी म्हटलं, लेकरांचं काही लिहिलेलं नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळली नाही. ती चिंतन करत असावी.

१४ फेब्रुवारी

तीन दिवस ती जेवली नाही. पाणी मोठं झालंय म्हणते. दोन्ही हात असे पुढे धरून बसते, पालथे, काहीतरी दाबून धरल्यासारखे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोष्टीचं मी त्यांना सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

आज एक गोष्ट पाहिली, ती सरांच्या लिखाणात जाणार नाही.

नर्स गोळी देऊन गेली. झुंबरबाईने पाणी प्यायलं, गिळल्यासारखं केलं, आणि नर्सची पाठ वळताच गोळी तोंडातून काढून कनवटीला खोचली. माझ्याकडे बघितलं. ओशाळली नाही. "गोळीनं पानी आटतं," एवढंच म्हणाली.

मी सांगायला हवं होतं. उठलेही. व्हरांड्यातून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले, आत ते कोणाशी तरी बोलत होते, मी बाहेरच्या बाकावर बसले, आणि कडुनिंबाची पानं गळताना बघत राहिले. मग परत आले. मला ते पाणी आटायला नको आहे. लिहून टाकते म्हणजे निदान इथं तरी खोटं नको. ते आटलं तर दुपारी मी कुठं जाऊ? या शहरात मला ओळखणारं, माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे?

७ मार्च

सूर्यभान आला, पण एकटा नाही. बरोबर वस्तीवरचे श्रीमंतराव, पागोटं, मोठ्या मिशा, बोलणं मात्र मऊ. वस्तीला सार्वजनिक विहीर मंजूर झाली आहे. पानाड्याने नारळ हातावर धरून दोन जागा दाखवल्या, दोन्हीकडे नुसता मुरूम लागला. आता सरकारी माणूस म्हणतो, यावेळी शेवटची जागा सांगा, नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल.

"बाईला पानी ऐकू येतंय," श्रीमंतराव म्हणाले. "आमी येडं म्हनलो, चुकलं आमचं. दवाखान्यात दोन म्हयनं ऱ्हाऊन बी वाजतंय म्हंजी खरंच आसंल की. एक डाव शिवारातनं फिरवतो. थांबंल तिथं खनतो."

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले की दोन दिवस घरी जायला हरकत नाही, पण कोणीतरी बरोबर जावं. मी जाते म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. सूर्यभान तेवढा दारापाशीच उभा राहिला. मी झुंबरबाईला विचारलं, जायचं का? ती म्हणाली, "लई दिस झालं. बघून यावं." काय बघून यावं ते मी विचारलं नाही.

रात्री पपांना पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की एखादे वेळेस देव दुबळ्यांच्या कानात बोलतो. लिहून झाल्यावर ते फार चांगलं वाटलं.

१० मार्च, झुंबरबाईच्या घरी, ओट्यावर

आजचं आजच लिहायला हवं.

काल एस.टी.ने आलो. करंजीचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना फक्त राखाडी जमीन, बोडकी झाडं, आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. इतका लख्ख उजेड की सगळं तरंगत होतं. झुंबरबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झोपली, दवाखान्यात कधी झोपली नव्हती तशी.

आज सकाळी सगळी वस्ती जमली. सासू कडूबाईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ते भुवईपर्यंत फासलं गेलं. मग झुंबरबाई चालायला लागली. अनवाणी, पदर डोक्यावर, हात जरासे पुढे. मागे साठ-सत्तर माणसं, कोणी बोलत नव्हतं, पोरांनासुद्धा गप्प केलं होतं. ढेकळांतून पायांचा आवाज फक्त. ज्वारीचं गेल्या सालचं रान ओलांडलं, बांध ओलांडला, पानाड्याचे दोन खड्डे ओलांडले. ती थांबली नाही. उन्हात तिचा निळा पदर पुढे जात होता आणि मला वाटलं, हे असंच चालू राहावं, आम्ही सगळे असेच तिच्यामागे चालत राहावं, कुठं पोचूच नये.

ती पोचली. जुन्या विहिरीवर.

"हितं," म्हणाली आणि काठावर बसली.

लोकांत कुजबूज झाली. ही तर त्यांचीच विहीर, दगडी, पायऱ्यांची. दिवाळीत आटली. मी वाकून बघितलं. खाली तडकलेला गाळ आणि मधोमध ताटलीएवढा ओलावा. श्रीमंतराव म्हणाले, "तरी मला वाटलंच. जुनी जागा खोटी नसती. हितंच खोल करू, खालचा खडक फोडू." दोघं-तिघं लगेच पहार आणायला निघालेसुद्धा.

तेव्हा झुंबरबाई ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. तिने दोन्ही हात विहिरीवर धरले, पालथे, वॉर्डात धरायची तसे.

कडूबाई खाली बसली. "मी सांगितलं हुतं तिला हिकडं आनू नका," ती कोणाला म्हणाली कोण जाणे. मी तिच्याजवळ बसले. आणि तिने सांगितलं, सलग, पदराने तोंड पुसत. झुंबरला एक मुलगी होती. रतन. सहा वर्षांची. सात सालांपूर्वी झुंबर इथं धुणं धूत होती, घागर भरून घराकडे ठेवून यायला गेली, पोरीला म्हणाली बस हितंच. परत आली तर पोरगी नव्हती. विहीर भरलेली होती, काठोकाठ. तिसऱ्या प्रहरी पोरीला बाहेर काढलं. नंतर विहीर उपसली, पूजा घातली, आणि पुन्हा तेच पाणी सगळी वस्ती प्यायली, झुंबरही प्यायली. वर्षं गेली, ती चांगली होती. "आन् दिवाळीला पानी तळाला गेलं. घागर बुडंना. मंग गड्यांनी वस्तीवरली एक बारकी पोर दोराला बांधून खाली सोडली, वाटीनं पानी भराया. झुंबर काठावर घागर घिऊन उभी. तिनं खाली बघितलं. तळाला पोरगी उभी, वर बघतीया. तवापासनं हिच्या कानात पानी."

मी ऐकलं. आज खरोखर ऐकलं असं वाटतं, आणि ऐकताना मला माझ्या तोंडची ती शोमरोनी बाईची गोष्ट, घागर ठेवून आनंदाने पळालेल्या बाईची, शब्द न् शब्द आठवत होती. तिने विचारलं होतं, लेकरं हुती का. आणि मी त्याचं प्रबंधात टिपण करणार होते. मला माझी लाज वाटली, इतकी की उठून कुठंतरी पळून जावंसं वाटलं.

झुंबरबाई माझ्याकडे बघत होती. "पानी असलं का ती झाकलेली आसती, बाई," ती समजावल्यासारखी म्हणाली. "आटलं आन् लेकरू उघडं पडलं. मी पानी वाजवत ठिवते. ह्ये म्हनत्यात खना. तिला खनत्याल."

सरांनी शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. प्रार्थनाही आठवेना. मी आपलं जे मनात आलं ते विचारलं. "रतनला बाहेर काढल्यावर कुठं ठेवलं?"

"मला काय ठाव? बायांना नेत न्हाईत तिकडं. मला घरात धरून ठिवलं हुतं."

हे मला माहीत होतं आणि तरी कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्यात बायका मातीला जातात. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पपांनी माझ्या मुठीत माती दिली होती आणि मी ती टाकली होती, आणि टाकताना ती पेटीवर वाजली होती. तो आवाज मला आवडत नाही, पण तो माझ्याजवळ आहे. या बाईजवळ काहीच नव्हतं. तिने पोर शेवटची विहिरीच्या काठावर पाहिली, तर तिच्या लेखी ती विहिरीतच.

मी सूर्यभानकडे बघितलं. तो टोपी हातात घेऊन पायाकडे बघत उभा होता.

"तुम्हाला जागा माहीत आहे?"

"व्हय."

"मग तिला न्या तिथं."

श्रीमंतराव पुढे आले. रागावले नव्हते, अवघडले होते. "बाई, तुमी शिकलेल्या. पर आमच्यात बायामानसं जात न्हाईत. कदीच न्हाई गेली."

"आमच्यात जातात," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. पण ते तरी का ऐकतील माझं?

कडूबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. सुनेचा दंड धरला. "चल गं. मी बी येते. मी बी कुटं पाह्यलंय."

म्हातारी निघाल्यावर तिला कोण अडवणार?

ओढ्याच्या काठाला एक वाकडी बोर आहे. तिच्याखाली सूर्यभान थांबला. छोटेसे सात-आठ दगड गोल लावलेले, मधे माती, वर एक काटा नाही, काडी नाही. "पोळ्याला बैल धुवाया येतो हिकडं," तो म्हणाला, "तवा दगड नीट करतो." सात सालांत हे त्याने घरात सांगितलं नव्हतं. पुरुषाने असलं बोलायचं नसतं, म्हणून नसेल सांगितलं. दोघं एका ताटाजवळ बसून जेवत होती आणि त्याला माहीत होतं, तिला नव्हतं.

झुंबरबाई बसली. तिने एकेका दगडावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "डोस्कं कुनीकडं?"

"हिकडं. उगवतीला."

तिने तिथं हात ठेवला. मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. मग माती चाचपली, वरची, आणि खालची थोडी उकरून.

"खोल हाय का?"

"कमरंएवढं केलं हुतं," सूर्यभान म्हणाला, आणि तोंड फिरवून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, आवाज करून.

"मंग झाकलेली हाय," झुंबरबाई म्हणाली. स्वतःलाच. "पांघरून हाय मंग."

मूठभर माती तिने टाकली, मग कडूबाईने टाकली. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मीही टाकली. "तुमच्यातलं काय आसंल त्ये म्हना," कडूबाई म्हणाली. दोन महिने मी कोणीतरी मागावं म्हणून वाट बघत होते. आणि आता मागितलं तर माझ्या तोंडून फक्त "रतन" एवढंच निघालं, आणि मग आमेन. तेवढं पुरलं त्यांना.

परतताना विहिरीवर माणसं तशीच उभी होती. झुंबरबाई थांबली नाही, चालता चालताच म्हणाली, "खना आता. तिथं कोन न्हाई."

११ मार्च, रविवार

सकाळपासून विहिरीत पहारीचे घाव ऐकू येताहेत. पाणी लागेल की नाही कोणास ठाऊक. श्रीमंतराव म्हणतात लागेलच, सरकारी माणूस म्हणतो बघू.

झुंबरबाईने पहाटे उठून भाकरी केल्या, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या. सगळ्यांना वाढलं. सूर्यभान जेवून तिकडेच गेला, गाळ काढायला. मग ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मी सांगितलं की गोळ्यांचं मी डॉक्टरांना सांगणार आहे, तिचंही आणि माझंही. ती म्हणाली, "सांगा की." तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मान जराशी वाकडी करून ती ऐकत होती. मला ती मान ओळखीची झाली आहे.

"बंद झालं," ती म्हणाली.

"कधी?"

"झोपले तवा हुतं. उठले तवा न्हाई." तिने अंगणाकडे बघितलं. ऊन, कोंबड्या, पलीकडे माळ. "लई शांत झालंय, बाई. इतकं शांत मला ठावं न्हाई. आता ती न्हाईच की वो."

आणि ती रडली. सात सालांचं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही असा विचार करत होते, तोवर हात ठेवून झाला होता. त्या पाण्याची आठवण मलाही येत होती. ते सुंदर होतं आणि ते आता कधी ऐकायला मिळणार नाही, याचं मला दुःख झालं आणि त्या दुःखाचा रागही आला.

मग तिने नाक पुसलं. "ह्ये सोसंल का मला?"

दवाखान्यातली मार्था म्हणाली असती, तुम्हाला भीती वाटते आहे. राहात्याच्या पाळकाची मुलगी म्हणाली असती, देव सोसायला बळ देईल. मी म्हटलं, "मला माहीत नाही, झुंबरबाई."

"तुमची यष्टी कितीला हाय?"

"दुपारची आहे. नाहीतर उद्याची."

ती सरकली. ओट्यावर माझ्यासाठी सावलीत जागा केली.

"मंग बसा," म्हणाली.